वाचकांचे प्रश्न : पंखा नसलेला डबा

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की, लिहिण्या-वाचण्याच्या घरगुती कामाला बँकेच्या काउंटरवर असतो तसला लहानसा, पंखा नसलेला डबा, म्हणजे थिन क्लायंट, सहज पुरतो. त्या ओळीवर रावेरपासून नंदुरबारपर्यंतची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, "ताई, घ्यावा का?" उत्तर मात्र घराघरानुसार बदलतं.

आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. घर जुनं, माजघरातच टेबल आणि माजघरातच सगळ्यांची अंथरुणं. मुलगी बारावीला, ती रात्री उशिरापर्यंत बसते. मुलाला प्रोग्रॅमिंगचा नाद आहे. सासरे सोसायटीचे हिशेब लिहितात. संगणकाचा पंखा असा घोंघावतो की सासूबाई अंथरुणातून ओरडतात, "ती चक्की बंद करा आधी." तिघांना तीन थिन क्लायंट घेतले तर आवाज आणि वीजबिल दोन्ही वाचतील का? काय घ्यायचं, कसं जोडायचं?
— एक शिक्षिका, फैजपूर

सासूबाईंनी चक्कीचं नाव काढलंच आहे तर तिथूनच सुरू करू. आपण दळण घरी दळत नाही. डबा गिरणीवर जातो आणि पीठ घरी येतं. थिन क्लायंट हा तसा दळणाचा डबा. तुम्ही की दाबली की ती खबर तारेतून दुसऱ्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. काम तिथे होतं आणि पडद्यावरचं चित्र तेवढं परत येतं. डब्यात फारसं काही घडतच नाही, म्हणून त्याला पंखा लागत नाही आणि फिरती हार्डडिस्कही नसते. पण गिरणी कुठेतरी चालू असतेच, आणि तिचा आवाज नि तिची वीज तुमच्याच घरची.

वीज आधी मोजू. जुना डेस्कटॉप, मॉनिटर सोडून, साधं काम करताना साधारण ६० वॅट खातो असं धरा. थिन क्लायंट १० वॅट. रोज ६ तास वापर धरला तर महिन्याला डेस्कटॉपची १०.८ युनिट होतात आणि डब्याची १.८. म्हणजे एका जागेमागे ९ युनिट वाचली, तीन जागांची २७. आता सर्व्हर ४० वॅटचा घेतला आणि "राहू दे चालू" म्हणून चोवीस तास ठेवला, तर तोच महिन्याला २८.८ युनिट खाईल. वाचवलेलं सगळं त्याच्या पोटात. शिवाय मॉनिटर तोच राहणार, आणि तो एकटा डब्याच्या दुप्पट वीज घेतो. तुमच्याकडे उन्हाळ्यात कूलर रोज दहा तास चालत असेल, तर त्याचीच महिन्याला ५० युनिटच्या आसपास होत असतील. तेव्हा फक्त बिलासाठी हा उद्योग करू नका. आवाजासाठी मात्र जरूर करा.

माझं मत विचाराल तर तीन घेऊ नका, दोन घ्या. आणि दोन्हींना सर्व्हरच्या दावणीला बांधू नका, त्यांच्यावरच लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, टाकून त्यांना छोटे संगणक करून टाका. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण थिन क्लायंट म्हटलं की सगळ्यांना सर्व्हरच आठवतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांतले बरेच डबे मुळात पुरे संगणक आहेत. डेल वायझ ५०७० मध्ये इंटेलचा चार कोअरचा सेलेरॉन जे४१०५ असतो. एचपी टी६३० मध्ये एएमडीचा चार कोअरचा प्रोसेसर. दोन्ही बिनपंख्याचे, दोन्हींत लॅपटॉपची डीडीआर४ रॅम बसते. ८ जीबी टाका. मुलीचा अभ्यास, पीडीएफ, व्हिडिओ लेक्चर, सासऱ्यांचे हिशेब, सगळं त्यात होतं.

डेस्कटॉप मुलाकडे राहू द्या, पण माजघरातून हलवून कोठीच्या खोलीत ठेवा. धान्याच्या कोठ्यांना चिकटवून नको, भुसा आत जातो. त्याला एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, लावा म्हणजे हार्डडिस्कची घरघर थांबेल. मुलाला जड काम करायचं असेल तेव्हा माजघरातल्या एखाद्या डब्यावरून तो त्या डेस्कटॉपला जोडून घेईल. त्यासाठी डेस्कटॉपवर लिनक्स आणि बाहेरून जोडू देणारा एक्सआरडीपी हा प्रोग्रॅम, डब्यावर जोडून घेणारा रेमिना. दोन्ही फुकट. प्रत्येकाचं खातं वेगळं करा. एकाच खात्यातून कोठीतही लॉगिन आणि माजघरातूनही लॉगिन असं केलं की एक्सआरडीपी बऱ्याचदा काळा पडदा दाखवून बसतं, आणि मग मंडळी केबल बदलत बसतात. काम झालं की डेस्कटॉप बंद. पुन्हा लागला तर कोठीत जाऊन बटण दाबायला मुलाचे पाय काही झिजत नाहीत.

आता खरेदी. हे डबे नवे घेण्यात अर्थ नाही. बँका, कॉल सेंटर, मोठी कार्यालयं यांतून ते ढिगाने निघतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. जळगावला येणं झालं तर गोलाणी मार्केटमध्येही चौकशी करून बघा. घेताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहा. अडॅप्टर मूळचाच हवा. त्याची पिन वेगळी असते आणि "चालून जाईल" म्हणून दिलेला लॅपटॉपचा अडॅप्टर प्रत्येक वेळी चालत नाही. दुसरं, मागे डिस्प्लेपोर्ट असतो. तुमच्या मॉनिटरला निळी व्हीजीए किंवा एचडीएमआय असेल तर मधला कन्व्हर्टर आत्ताच मागून घ्या. तिसरं, झाकण उघडून रॅम आणि स्टोरेज बघा. ५०७० आणि टी६३० या दोन्हींत एम.२, म्हणजे छोट्या पट्टीच्या आकाराची, एसएसडी बसते, पण ती साटा जातीचीच. एनव्हीएमई दिसायला जवळजवळ तशीच, मिळते जास्त ठिकाणी, आणि या डब्यांना ती ओळखूच येत नाही. दुकानदाराकडून बिलावर 'एम.२ साटा' असं लिहूनच घ्या.

घरी आणल्यावर पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती करून घ्या. डेलला सुरू होताना एफ१२ दाबायचं, एचपीला एफ९, मग पेन ड्राइव्ह निवडायचा. पुढचं सगळं पडद्यावर विचारतं. कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडलं की टायपिंगही झालं. विंडोज टाकायचा मोह नको. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला या आकाराचे डबे धापा टाकतात.

एक राहिलंच. बऱ्याच डब्यांना वायफाय नसतं. राउटरपासून माजघरापर्यंत लॅन केबल भिंतीच्या कडेने न्या आणि केसिंग पट्टीत घाला. उघडी ठेवली तर उंदीर ती कुरतडतात, आणि तेही नेमकं परीक्षेच्या आठवड्यात.

एचपी टी६२० घेतला आहे. हिवाळ्यात छान चालला. आता दुपारी दोननंतर रेंगाळतो, चारच्या सुमारास बंदच पडतो. दुकानदार म्हणतो, डब्यात दोष नाही. वरची खोली पत्र्याची आहे. डबा मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवला आहे.
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

दुकानदार बरोबर बोलतोय. दोष मे महिन्याचा आहे.

पंखा नसलेला डबा म्हणजे आत एक मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्याच्यावरून आपोआप वर चढणारी गरम हवा. हवा वर चढते ती भोवतालची हवा थंड असेल तर. अशा डब्यांच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा बहुधा ३५ ते ४० अंश लिहिलेली असते. भुसावळात बाहेर ४५ असताना पत्र्याखालच्या खोलीत काय असेल ते तुम्ही माझ्याहून जास्त सोसता. प्रोसेसर तापला की आधी स्वतःची गती कमी करतो. ते तुमचं दोन वाजताचं रेंगाळणं. तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो. ते चार वाजताचं. म्हणजे डबा शहाणा आहे.

मॉनिटरच्या मागून तो आधी काढा. हिवाळ्यात ती जागा सुबक दिसते, उन्हाळ्यात मॉनिटरची सगळी ऊब त्याच्या अंगावर येते. डबा आडवा न ठेवता मूळच्या स्टँडवर उभा करा, खालची-वरची भोकं मोकळी. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर ठेवा, कारण पत्र्याच्या खोलीत गरम हवा वर साचते आणि माळ्यावर तर भट्टीच असते. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. ती भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री दहापर्यंत ओकत राहते. आणि वहिनींनी हौसेने विणलेला रुमाल त्याच्यावर घातला असेल तर तो टीव्हीवर घाला. मी भुसावळ-जळगावात ज्या ज्या घरी 'तापतोय' म्हणून गेले, त्यातल्या बऱ्याच घरांत डबा शोकेसच्या काचेआड होता किंवा त्याच्यावर रुमाल होता.

आता तुम्ही म्हणाल, कूलरसमोर ठेवतो. नको. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यासोबत उडतो. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो ना, तोच थर बोर्डावर आणि पोर्टात बसला की पिना गंजतात. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत डब्यावर नको.

एवढं करूनही चारला बंद पडला तर यूएसबीवर चालणारा बारा सेंटिमीटरचा पंखा आणून डब्याच्या शेजारी उभा करा. मोठं पातं हळू फिरतं, आवाज जवळपास नसतो. बिनपंख्याच्या डब्याला पंखा लावला म्हणून कोणी हसलं तर हसू द्या, त्यांचा स्लॅब असेल.

अडॅप्टरही विसरू नका. तो उशीखाली, गादीखाली, वायरींच्या गुंत्यात पडलेला असतो आणि डब्याच्या आधी तोच जातो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. दर दहा अंशांमागे त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या धंद्यात जुना हिशेब आहे. अडॅप्टर फरशीवर, मोकळ्या जागी.

जिनिंगमध्ये मुनीम आहे. ऑफिसचे दोन संगणक दर हंगामात बंद पडतात. उघडले की आत रुईच रुई. थिन क्लायंटने प्रश्न सुटेल का? टॅली चालवायची आहे, आणि वजनकाट्याचा आकडा संगणकात यायला हवा.
— शहादा

थिन क्लायंट ज्यासाठी काढले असावेत असं वाटतं ती जागा म्हणजे तुमचं ऑफिस. पंखा हवा ओढतो, हवेसोबत रुईचे तंतू येतात, ते प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यामागे अडकतात, आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तिथे बोटभर थर तयार होतो. हवा जायची वाटच बंद. पॉवर सप्लायच्या आत तोच थर असतो, आणि ती रुई आहे, ठिणगीला निमित्तच हवं. पंखा नसलेला डबा हवा ओढत नाही, म्हणून तंतू वरवर बसतात. आठवड्याला मऊ ब्रश फिरवला की झालं. जिनिंगच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका, त्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं.

मांडणी अशी करा. टॅलीचा खरा संगणक बंद खोलीत ठेवा, मालकांच्या केबिनमध्ये चालेल, दाराच्या फटीला रबर पट्टी लावून. काट्यावर आणि काउंटरवर डबे. आता कळीचा मुद्दा. विंडोज प्रो असलेल्या संगणकावर बाहेरून, म्हणजे दुसऱ्या डब्यावरून, एका वेळी एकच माणूस बसू शकतो, आणि कोणी बाहेरून बसला की त्या संगणकाच्या स्वतःच्या पडद्यावर कुलूप येतं. विंडोज होमवर तर बाहेरून बसायची सोयच नाही. दोघांनी एकदम बसायचं तर विंडोज सर्व्हर आणि प्रत्येकाचा वेगळा परवाना लागतो. इंटरनेटवरून एखादी फाइल बदलून दोघांना बसवून देणारे तंत्रज्ञ भेटतील. ते परवान्याच्या विरुद्ध आहे, आणि पुढच्या अपडेटला ते हमखास मोडतं, नेमकं आवक जोरात असताना. टॅलीचंही तसंच, टॅलीप्राइम सिल्व्हर एका वापरकर्त्याचं, अनेकांना गोल्ड.

तुमच्या आकाराच्या ऑफिसला मी सांगेन की काउंटरवरचा डबा टॅलीच्या संगणकाला जोडा, तिथे तुम्ही एकटेच बसता. काट्यावरचा डबा टॅलीत घालू नका. तिथे नुसती वजनाची नोंद हवी आहे, ती डब्यावरच लिनक्समध्ये होईल. काट्याच्या इंडिकेटरला जुना नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो. डबा घेताना मागे तो आहे का बघा, कारण काही थिन क्लायंटना तो मूळचाच असतो आणि नव्या संगणकांना शोधूनही सापडत नाही. रात्री त्या दिवसाच्या नोंदींची फाइल टॅलीच्या संगणकावर आपोआप जाईल अशी व्यवस्था कोणीही लिनक्स जाणणारा मुलगा करून देईल.

केळीच्या मळ्यात खोली आहे, सोलरवर १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी. वायझ ३०४० नावाचा छोटा डबा मिळाला आहे, तोही १२ व्होल्टचा आहे म्हणे. इन्व्हर्टर न लावता बॅटरीवरून सरळ चालवला तर? घर मळ्यापासून ४०० फूट आहे, तिथल्या संगणकाला केबलने जोडायचा विचार आहे.
— रावेर तालुका

कल्पना झकास आहे. सरळ मात्र जोडू नका.

पहिलं, 'म्हणे'वर जाऊ नका. ३०४० दोन प्रकारचा येतो, एक १२ व्होल्टचा आणि एक ५ व्होल्टचा. दिसायला सारखेच. खालच्या स्टिकरवर आकडा छापलेला आहे, तो चष्मा लावून वाचा. ५ व्होल्टच्या डब्याला १२ दिले तर धूरसुद्धा निघायला वेळ लागत नाही.

दुसरं, १२ व्होल्टची बॅटरी कधीच १२ वर नसते. दुपारी पॅनेल जोरात असताना ती १४.४ किंवा त्याच्याही वर जाते, पहाटे ११ च्या घरात उतरते. मध्ये डीसी ते डीसी कन्व्हर्टर लावा, आत काहीही आलं तरी बाहेर बरोबर १२ देणारा. नुसता उतरवणारा चालणार नाही, चढवणारा-उतरवणारा दोन्ही हवा. ५ व्होल्टच्या डब्यासाठी उतरवणारा पुरतो, ३ अँपिअरचा. आणि बॅटरीच्या टोकाजवळच फ्यूज टाका. बॅटरी लहान दिसते, पण शॉर्ट झाली तर वायर लाल होते.

इन्व्हर्टर टाळण्यात फायदा नक्की आहे, कारण लहान इन्व्हर्टर काही न करताही दहा-वीस वॅट स्वतःच खातो, तुमच्या डब्याहून जास्त. ३०४० पाच वॅटच्या आसपास, छोटा मॉनिटर वीस, राउटर पाच-सात. तीसच्या वर फारसं जात नाही. बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर आहेत. निम्मीच वापरली, आणि निम्मीच वापरावी, तरी ९०० उरतात. म्हणजे तीस तास. ढगाळ दिवसही निघून जाईल. मॉनिटर घेताना बाहेरून अडॅप्टर असलेला १२ व्होल्टचा बघा.

३०४० मध्ये रॅम २ जीबी आहे आणि ती बोर्डवर पक्की डकवलेली, वाढत नाही. ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की तो बसतो. पण घरच्या संगणकाच्या पडद्याची खिडकी म्हणून वापरायला तो उत्तम. त्यावर दुसरं काही लादू नका.

राहिली केबल. लॅनच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट. तुमचे ४०० फूट तिच्यापलीकडे जातात. मध्ये स्विच ठेवता येतो, पण त्याला मळ्याच्या मधोमध वीज कुठून देणार? आणि देता आली तरी मी तांब्याची तार उघड्या मळ्यातून नेणार नाही. मृगाच्या आधीचं वादळ केळी आडवी करतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हाच्या विजा लांब तारेत दाब निर्माण करतात, आणि दोन्ही टोकांची यंत्रं एकदम जातात. ऑप्टिकल फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल यांना जोडणारं छोटं यंत्र. फायबर काचेचा असतो, विजेला त्यात शिरकाव नाही. पाइपात घालून ठिबकच्या मेन लाइनच्या कडेने पुरा, म्हणजे घडांच्या ट्रॅक्टरखाली येणार नाही.

"हाऊ डबा मन्हा कामना शे का नही?" पुण्याला नातू आहे, त्याच्याशी बोलायचं आणि कीर्तन ऐकायचं, एवढंच.
— एक आजोबा, शिरपूर

नही आप्पा, तुमना कामना नही. त्याला कॅमेरा नाही, माइक नाही, ते वेगळे लावा, मग ते चालत का नाहीत म्हणून मला पत्र लिहा. त्यापेक्षा फोनला एक उभा स्टँड आणि जरा मोठा ब्लूटूथ स्पीकर घ्या. नातवाला दिवाळीत आल्यावर अक्षर मोठं करून द्यायला सांगा.

जुना वायझ घेतला. बायोसमध्ये जायला पासवर्ड मागतो. विकणारा फोन उचलत नाही.
— चाळीसगाव

बायोस म्हणजे डबा सुरू होताना उघडता येणारा त्याच्या मूळ सेटिंगचा पडदा. कारखान्यातून येणारा पासवर्ड बऱ्याच वायझला 'फायरपोर्ट' हाच असतो, इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं. तो घालून बघा. बँकेने स्वतःचा टाकला असेल तर तो चालणार नाही. मग झाकण उघडून बोर्डवर पासवर्ड पुसायचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, शोधायचा, जवळ छापलेलं असतं. वीज काढून, डब्याचा अडॅप्टर बाजूला ठेवून. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा.

वीज गेली-आली की डब्याची तारीख मागे जाते, आणि मग बँकेची साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस आहे का?
— अमळनेर

व्हायरस नाही, घड्याळाचा सेल गेलाय. आत रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते. डबा चार-पाच वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून आला की ती संपलेली असते. तारीख २०१५ झाली की साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात, म्हणून तो दार उघडत नाही. सेल बदला, जनरल स्टोअरमध्येही मिळतो. तेवढ्यात बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं तेही ठरवून टाका. डेलमध्ये 'एसी रिकव्हरी', एचपीमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस'. भारनियमनाच्या गावात हे एकदा केलं की वीज आल्यावर डबा आपणहून उठतो.

सेतू केंद्र आहे. अंगठ्याचं यंत्र, स्कॅनर, प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीचा टोकन, सगळं एका थिन क्लायंटला लावून लिनक्सवर चालवायचं आहे.
— नंदुरबार

नका करू. प्रिंटर, स्कॅनर चालतील. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, आणि टोकनचा ड्रायव्हर हे दोन तुमचा जीव खातील, आणि बाहेर दाखल्यासाठी रांग उभी असेल. ती दोन यंत्रं विंडोजच्या संगणकालाच राहू द्या. फॉर्म भरणाऱ्या मुलीच्या टेबलावर मात्र खुशाल डबा ठेवा.

डब्याच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. डबा बदलू का?
— पाचोरा

डबा बदलून झिणझिण्या जाणार नाहीत. आधी बघा की अडॅप्टर तीन पिनांचा असून तुम्ही तो दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये तर घातलेला नाही ना. नसेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या, वायरमनकडून, टेस्टर लावून "आहे, आहे" म्हणणाऱ्या शेजाऱ्याकडून नाही. आपल्या काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये भेगा पडतात, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की आतली धातूची प्लेट माती सोडते. कोळसा-मीठ भरलेला खड्डा असेल तर उन्हाळाभर त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. कूलर, फ्रीज आणि मोटर यांनाही तेच अर्थिंग आहे, म्हणून हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. आणि तोवर त्या डब्याला ओल्या हाताने किंवा अनवाणी उभं राहून शिवू नका.